उजवा हात चाकावर

मशीन विकणाऱ्या गुंडप्पानं गोधडीची गाठ दातांनी सोडली, आतलं छोटं मशीन तान्ह्या पोरासारखं उचललं आणि ओसरीच्या कडेला ठेवून दिलं. गाडीत अजून एक होतं. ते उतरवायला घरचा लेक महेबूब आणि गाडीवान असे दोघं लागले. लोखंडी सांगाडा, त्यावर फळी, फळीवर काळंभोर मशीन आणि खाली पाय मारायची जाळी. ते धूड उंबऱ्याला घासत आत आलं तेव्हा जमिलाबी दोन पावलं मागं सरली.

"एवढं थोरलं?" ती म्हणाली. "घरात आमी राहायचं का ह्यानं?"

"आक्का, खास कशिद्याचं मशीन म्हटलं की एवढं असायचंच," गुंडप्पा घाम पुसत म्हणाला. "सोलापुरात एक कारखाना बंद पडला, तिथलं हाय. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर जकातीपायी गोधडी सोडून दावावी लागली. जवान म्हनला, ह्यात तोफ तर न्हाय ना? लढाईचे दिवस, त्याचं बी खरं हाय."

महेबूब हसला. जमिलाबी हसली नाही. ती मशीनभोवती फिरून, बाजारात म्हैस बघावी तशी त्याला चारी बाजूंनी बघत होती.

बेंबळीच्या त्या घरात आतल्या दाराला तरटाचा पडदा होता, आणि पडद्यामागं फरिदाबी उभी होती. मशीन यायचं होतं तिच्यासाठी. चालवायचं तिनं, घरचा धंदा उभा राहायचा तिच्या हातांवर, आणि बघायचं मात्र तरटाच्या भोकातून. परक्या पुरुषासमोर सुनेनं यायचं नाही, मग तो गुंडप्पासारखा पिकल्या मिशांचा का असेना, ही सासरची रीत होती.

धंद्याची गोष्ट निघाली ती एका टोपीवरून. फरिदाबीच्या माहेरी, सास्तूरला, नवरीनं आपल्या हातानं कशिदा काढलेली टोपी नवऱ्याला द्यायची पद्धत. ती टोपी घालून महेबूब आठवडी बाजारात आपल्या टोप्यांच्या पालात बसला, आणि गिऱ्हाइकं मांडलेल्या टोप्या सोडून त्याच्या डोक्यावरचीच मागायला लागली. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच दोऱ्यानं काढलेली अनाराच्या कळ्यांची वेल. जवळ गेल्याशिवाय दिसायची नाही, आणि एकदा दिसली की नजर हलायची नाही. वर्षभरात फरिदाबीनं तशा आणखी काढल्या आणि त्या हातोहात गेल्या. पण सुईचं काम ते, एकेका टोपीला आठवडा जायचा. मशीन आलं तर रोज एक तरी उतरेल, असा अंदाज जमिलाबीनं बांधला आणि तो गावात सांगूनही टाकला. यंदा ईदेच्या टोप्या माझी सून काढणार, असं ती आडतीपासून विहिरीपर्यंत सगळीकडं बोलून बसली होती. नवरा गेल्यापासून मान वर करून सांगावी अशी गोष्ट तिच्या हाती पहिल्यांदाच आली होती. कोण गप्प बसेल?

"आधी म्या दावतो," असं म्हणत गुंडप्पा थोरल्या मशीनपुढं बसला. त्यानं कापड पसरलं, पाय मारला, आणि उजवा हात फळीखाली घातला. तिथं एक मूठ होती. वर सुई खाली-वर होत होती आणि खालून गुंडप्पा ती मूठ फिरवत होता. मूठ जिकडं वळेल तिकडं टाका वळायचा. बघता बघता कापडावर साखळीच्या टाक्याचं एक पान उमटलं, मग त्याला देठ फुटला.

"कापड नुसतं दाबून धरायचं. फूल काढतो तो हा उजवा हात. ह्याच हातात समदी कला हाय बघा."

पडद्यामागं फरिदाबीनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं.

ती डावखुरी होती. हे तिच्या आईला ठाऊक होतं, सास्तूरच्या चार घरांना ठाऊक होतं, आणि बेंबळीत फक्त महेबूबला. लहानपणी जेवायला बसली की आई तिचा डावा हात फडक्यानं कंबरेला बांधून टाकायची. घेणं-देणं उजव्या हातानं, खाणं उजव्या हातानं, पीठ मळणं उजव्या हातानं. पोरगी मार खात खात सगळं शिकली. फक्त सुई तेवढी उजव्या हातात कधी आली नाही. उजव्या हातात सुई धरली की टाका दारुड्यासारखा झोकांड्या खायचा, आणि डाव्यात धरली की पाण्यासारखा वाहायचा. लग्न ठरवायला जमिलाबी सास्तूरला आली तेव्हा तिनं टोपीचं काम उलटून-पालटून बघितलं, आणि मग पोरीत काही खोड नाही ना, असं सरळ विचारलं. आईनं नाही म्हणून सांगितलं. जमिलाबीचं एक पक्कं मत होतं, आणि ते तिनं त्याच बैठकीत ऐकवलं होतं: डाव्या हातानं मळलेल्या पिठात बरकत राहत नाही, त्या घरात भाकर कधी पुरत नाही. तेव्हा फरिदाबीचा डावा हात पदराखाली होता आणि आईनं तो वरून घट्ट दाबून धरला होता.

सासरी ती दुपारी माळवदावर जाऊन कशिदा काढायची. खाली कुणाची चाहूल लागली की काम बाजूला. "कुणी बघायला लागलं की माझं बोट चालत न्हाय, अम्मा," असं तिनं पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. सुनेला नजर लागायची भीती वाटते असं समजून जमिलाबीनं तिला कधी छेडलं नाही, उलट शेजारणींनाही वर जाऊ दिलं नाही. महेबूब मात्र एकदा बाजारातून लवकर आला आणि थेट वर चढला. त्यानं तिच्या डाव्या हातातली सुई बघितली आणि तो म्हणाला, "छान दिसतंय." वेलीबद्दल म्हणाला की हाताबद्दल, हे तिनं विचारलं नाही. अम्माला सांगू नका, एवढंच तिनं म्हटलं आणि त्यानं मान हलवली.

"दुल्हन, ये. बस ह्याच्यावर," जमिलाबीनं हाक दिली. "गुंडप्पा, तुमी तोंड फिरवा."

गुंडप्पा मुकाट्यानं ओसरीच्या कडेला जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसला. अशा घरांत मशीन विकायची तर पाठ फिरवून शिकवता आलं पाहिजे, हे त्याला अनुभवानं कळलेलं होतं. तेवढ्यात शेजारची धुरपदाबाई डोक्यावरची पाटी दारातच उतरवून, हातात पिशवी घेऊन आत आली. तिच्या रानाची वाट ह्याच घरावरून जायची, आणि ह्या घरात काही नवीन आलं की ती वाट हमखास लांबायची.

"आलं व्हय मशीन? बघू तरी," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

फरिदाबी पदर सावरत बाहेर आली. तिनं आधी डावा हात हळूच फळीखाली सरकवून बघितला. मुठीच्या डावीकडं सांगाड्याचा लोखंडी पाय आडवा होता. हात घालायला जागा होती ती उजवीकडूनच.

"उजवा हात मुठीवर ठेवा, माय," गुंडप्पा रस्त्यावरच्या शेळ्यांना सांगावं तसं म्हणाला. "पाय हळू मारा. आता मूठ पुढं... आता गोल..."

सुई धावत सुटली. फरिदाबीच्या डोळ्यांपुढं वेल स्पष्ट होती, कळी कुठं येणार, पान कुठं वळणार, सगळं. पण खालचा हात तिचं ऐकेना. वेल म्हणून जे निघालं ते पावसाळ्यातल्या गाडीवाटेसारखं होतं. कळीचा गोल तर मिटलाच नाही. ती थांबली, कापड सरकवलं, पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या वेळी पहिल्याहून वाईट झालं. कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

धुरपदाबाई वाकून बघत होती. "पैल्यांदा असंच व्हतंय," ती म्हणाली. पण आवाजात दम नव्हता.

जमिलाबीनं कापड काढून गुंडप्पाच्या हातात दिलं. त्यानं ते उजेडाकडं धरलं, मग महेबूबच्या डोक्यावरच्या टोपीकडं बघितलं.

"आक्का, राग धरू नका," तो म्हणाला. "नव्या मानसाचा टाका मागं-पुढं व्हतो, लहान-मोठा व्हतो. पन वेलीचं वळन तर हातात असतंय ना? ज्या हातानं ती टोपी काढली, त्या हाताचं हे काम वाटत न्हाय."

त्यानं हे कुणाला दुखवायला म्हटलं नव्हतं. आपल्या धंद्यातली अडचण सांगावी तसं म्हटलं. पण शब्द ओसरीवर पडला आणि कुणी उचलेना. धुरपदाबाई एकाएकी आपल्या पायाच्या जोडव्याकडं बघू लागली.

"टोपी तूच काढली ना, दुल्हन?" जमिलाबीनं विचारलं.

"जी, अम्मा."

"अन् नंतरच्या?"

"त्या बी."

"मग आज हाताला काय झालं?"

फरिदाबीनं डावा हात पदराखाली ओढून घेतला.

"म्या कधी तुला काढताना बघितलं न्हाय," जमिलाबी हळूहळू म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा स्वतःचाच चेहरा बदलत गेला. "वर्ष होऊन गेलं. कुनीच बघितलं न्हाय. सास्तूरहून कुनी काढून धाडत असंल तर आत्ता सांग. ईदेला लोक दारात उभे राहतील. त्यांना म्या काय तोंड दावू?"

महेबूबनं तोंड उघडलं. फरिदाबीनं त्याच्याकडं बघून मान हलवली, अगदी थोडी, आणि तो तसाच उभा राहिला. डोक्यावरची टोपी त्यानं काढून हातात घेतली.

तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. कुणाचा, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. गप्प राहिली तर आईनं दुसऱ्याचं काम लेकीच्या नावावर खपवलं असं होणार. खरं सांगितलं तर आईनं लेकीची खोड लपवली असं होणार. दोन्हीकडून आईच उघडी पडत होती. आणि त्या वेली, ती एकेक कळी, माळवदावरच्या त्या सगळ्या दुपारी, त्या तिच्या होत्या हे मात्र कुणालाच कळणार नव्हतं. ती उठली आणि पडद्याआड गेली.

"घेऊन जावा, गुंडप्पा," जमिलाबी म्हणाली. "दोन्ही न्या. तुमाला उगं हेलपाटा झाला."

गुंडप्पानं सुस्कारा सोडला आणि छोट्या मशीनवर गोधडी टाकली. असल्या वेळी काहीतरी बोललं पाहिजे असं वाटून धुरपदाबाईनं विचारलं, "ह्ये बारकं कशाचं हो?"

"हे साधं हाताचं. सदरा, पिशवी शिवायचं," गुंडप्पा म्हणाला. विकणाऱ्या माणसाला एवढा प्रश्न पुरतो. त्यानं गोधडी पुन्हा काढली. "द्या तुमची पिशवी, फाटलीय बघा कडंला."

त्यानं मशीन ओसरीवरच मांडलं, पुढं मांडी घातली, पिशवीची कड सुईखाली सरकवली आणि उजव्या हातानं बाजूचं चाक फिरवायला सुरुवात केली. खडखड करत शिवण निघाली आणि मध्यावर येऊन जरा वाकडी झाली. गुंडप्पा चुकचुकला.

"ह्याची हीच खोड. उजवा हात चाकावर गुतला की कापड वळवायला राहतो निव्वळ डावा. सरळ शिवन कशीबशी निघती, जरा वळन आलं की गाडी रानात."

"मग ह्याच्यावर फुलं न्हाय निघत?"

"फुलाला दोन्ही हात मोकळे लागतात, बाई. पायाचं साधं मशीन असतं तर जमलं असतं, पन लढाईपायी सांगाडेच येईनात. अन् ह्याच्यावर... डाव्या हातानं फूल काढणारं कोन हाय?"

तरटाच्या भोकाला फरिदाबीचा डोळा लागलेला होता. ती चाकाकडं बघत नव्हती, सुईकडंही नाही. ती बघत होती गुंडप्पाचा डावा हात. तो बिचारा कापडावर चाचपडत होता, ढकलत होता, मध्येच अडत होता, उजव्या हातात सुई धरल्यावर तिचा व्हायचा तस्साच. म्हणजे ह्या मशीनपुढं बसलं की जगातल्या सगळ्या शहाण्यासुरत्या उजव्या माणसांना डाव्या हाताच्या तोंडाकडं बघावं लागत होतं! तिला एकदम हसूच आलं. पदर तोंडाशी नेऊन तिनं ते दाबलं.

आत चुलीपाशी जावं, मशीन गाडीत चढू द्यावं, आणि पुढची सगळी वर्षं खोटारडी म्हणून काढावीत. नाहीतर बाहेर जावं.

"अम्मा," ती पडद्याआडून म्हणाली. "ते बारकं बघू का?"

उत्तर महेबूबनं दिलं. "बघ की," तो म्हणाला, आणि आईकडं न बघता त्यानं छोटं मशीन उचलून ओसरीच्या मधोमध ठेवलं. "गुंडप्पामामा, फुलं काढायला ह्याला काय करावं लागतंय?"

गुंडप्पा नको नको म्हणत होता, पण हात चालत होते. त्यानं कापड दाबणारा लोखंडी पाय काढला, खालच्या दात्यांवर पितळेची पट्टी बसवली म्हणजे कापड आपोआप पुढं सरकणार नाही, आणि बांबूच्या कड्यात कापड ताणून दिलं. मग सवयीनं रस्त्याकडं तोंड करून बसला.

फरिदाबी मशीनपुढं मांडी घालून बसली. उजवा हात तिनं चाकावर ठेवला. डावा हात पदराखाली होता. तो तिनं बाहेर काढला आणि कड्यावर ठेवला.

पहिला दोरा तुटला. तिनं पुन्हा ओवला. ओवतानाही डावाच हात पुढं आला, आणि ह्या वेळी तिनं त्याला मागं घेतलं नाही. पुन्हा तुटला. चाक जास्त जोरात फिरतंय हे तिच्या ध्यानात आलं. तिनं ते हळू केलं, इतकं हळू की पाठमोरा गुंडप्पा म्हणाला, "थांबलं का?"

मग कडं फिरायला लागलं. डाव्या हाताची बोटं त्याच्या काठावर अशी पसरली होती, की जणू वर्षानुवर्षं तिथंच त्यांची जागा होती. कडं जरा डावीकडं झुकलं, वळलं, मागं आलं. देठ निघाला. देठाला पान फुटलं. चाक संथ फिरत होतं, आणि फरिदाबीला ओसरी, माणसं, रस्ता काहीही दिसत नव्हतं. माळवदावरची दुपार खाली उतरून तिच्या मांडीशी बसली होती. पहिली कळी मिटली, अगदी टोकाला टोक लागून. ती पुढं गेली. दुसरी कळी जरा मोठी झाली, ते तिला आवडलं नाही. तिसरी बरोबर आली.

"अगं बया!" धुरपदाबाई म्हणाली. "डाव्या हातानं काढती की ही!"

चाक थांबलं.

फरिदाबीनं मान वर केली नाही. तिचा हात कड्यावर तसाच होता, उघडा, सगळ्यांच्या नजरेसमोर, आणि आता तो लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिला जमिलाबीचे पाय दिसत होते. ते पाय हलले, एक पाऊल पुढं आले. जमिलाबी वाकली. तिनं कड्यातल्या कापडावर बोट फिरवलं, देठावरून, पानावरून, तिसऱ्या कळीवर येऊन थांबली. मग तिनं मागं हात केला. महेबूबनं न सांगता तिच्या हातात टोपी दिली. जमिलाबीनं ती कड्याच्या शेजारी धरली आणि एकेक कळी ताडून बघितली.

"डाव्या हातानंच काढनार की," ती शेवटी म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, धुरपदाबाईला नीट ऐकू जाईल असं. "उजवा हात चाकावर असतो. मशीनच तसं हाय. व्हय का न्हाय, गुंडप्पा?"

"व्हय, ते तर हायच," पाठमोरा गुंडप्पा म्हणाला. "पन निघालं काय?"

जमिलाबीनं कडं त्याच्या खांद्यावरून पुढं केलं. गुंडप्पानं ते हातात घेतलं आणि उजेडाकडं धरून उलटून-पालटून बघितलं.

"सोलापुरात म्या लई कारागीर बघितले," तो म्हणाला. "हाताच्या मशीनवर एवढं वळन कुनाला काढता आलेलं न्हाय. थोरलं मशीन कशाला वागवत आणलं म्या? माझ्या बैलांनी काय पाप केलं होतं?"

"ते न्या," जमिलाबी म्हणाली. "बारकं ठेवा."

गाडी परत निघेपर्यंत बरीच उठबस झाली. गुंडप्पानं तेलाची कुपी दिली, तेल कुठं सोडायचं ते दाखवलं, आणि दोरा तुटला तर सुईला शिव्या देऊ नका, चाक हळू करा, असं निघतानाही सांगितलं. धुरपदाबाई पिशवी हलवत गेली. आता विहिरीवर काय बोललं जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बेंबळीच्या टोप्या डाव्या हातानं निघतात म्हणे, पण इलाज नाही बाई, मशीनच तसं आहे. महेबूब गाडीवानाला पोचवायला वेशीपर्यंत गेला. जाताना त्यानं पडद्याकडं बघितलं. टोपी त्यानं पुन्हा डोक्यावर चढवली होती.

फरिदाबी बाहेर येऊन मशीन पुसत बसली. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. चुलीकडून परातीचा आवाज आला, मग डब्यातून पीठ काढल्याचा, मग काहीच नाही.

"दुल्हन."

ती आत गेली. जमिलाबी चुलीपुढं बसली होती. तवा तापत होता, परातीत ज्वारीचं पीठ कोरडंच होतं.

"दार लोटून घे."

तिनं दार लोटलं आणि तिथंच उभी राहिली. आता काय ते ऐकायचं, असं मनाशी म्हणून तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

"जन्मापासून?" जमिलाबीनं विचारलं.

"जी."

"अन् तुझी आई?"

"लई मारायची. हात बांधायची जेवताना." फरिदाबी थांबली. "मारून झालं की माझ्यापेक्षा तीच जास्त रडायची, अम्मा. तिला वाटायचं, माझं लगीनच व्हनार न्हाय."

जमिलाबीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. धूर झाला, तिनं डोळे पुसले, धुरानं पुसले असं म्हणायला हरकत नाही.

"मला खोटं सांगितलं तिनं," ती म्हणाली.

"जी."

"म्या विचारलंच तसं होतं." एवढं म्हणून तिनं परात फरिदाबीपुढं सरकवली. "बस. मळ."

फरिदाबी बसली. तिनं पिठात आळं केलं, पाणी ओतलं, आणि सवयीनं उजवा हात पुढं घातला.

"त्यानं नको," जमिलाबी म्हणाली.

फरिदाबीनं वर बघितलं. सासूचं लक्ष तव्याकडं होतं.

"बरकत, अम्मा..."

"बरकतीचं म्या बघते. तू मळ."

डाव्या हातानं पीठ मळणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. एवढ्या वर्षांत त्या हाताला पीठ कधी लागलंच नव्हतं. तो लाजत होता, अडखळत होता. मग तळव्याला पिठाची ऊब कळली आणि तो रेटा देऊ लागला. गोळा झाला. तिनं तो परातीत थापला. थापताना भाकर हाताखाली फिरायला लागली, कडेला एकही चीर न पडता पसरत गेली, आणि फरिदाबीचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत, दोन्ही हात पिठाचे होते. भाकर तव्यावर गेली, उलटली, निखाऱ्यावर टम्म फुगली.

ह्या घरात पहिली भाकर नेहमी महेबूबच्या ताटात पडायची आणि शेवटची, उरली तर, जमिलाबीच्या. फरिदाबीनं भाकर उचलून महेबूबच्या ताटाकडं हात नेला. जमिलाबीनं ती मध्येच आपल्याकडं घेतली. पदरात धरून तिनं ती मोडली, वाफ जाऊ दिली, एक तुकडा उचलला, आणि ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हणून तोंडात घातला. कोरडाच चावला. सावकाश गिळला. फरिदाबी तिच्या तोंडाकडं बघत होती.

"दुसरी थाप," जमिलाबी म्हणाली. "महेबूब येईल आता, भुकेला असंल."